सावड

तुमचा व्यवसाय काय, असे कोणी विचारले की मी अजूनही थोडा अडखळतो. डॉक्टरला, वकिलाला, शिक्षकाला एका शब्दात उत्तर देता येते. मी इमारतीच्या सांगाड्याचे गणित करतो. खांब किती जाड हवा, तुळई किती खोल, पाया कुठवर न्यायचा, हे कागदावर लिहून देतो. इमारत दुसराच कोणी बांधतो आणि तिसराच तिच्यात राहतो. माझ्या पत्नीने या व्यवसायाची व्याख्या फार पूर्वी करून ठेवली आहे. ती म्हणते, "हे लोकांना सांगतात, आणि सांगण्याचे पैसे घेतात." शब्दकोशात यालाच सल्लागार म्हणतात.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यातली नोकरी सोडून मी घराच्या पुढच्या खोलीत माझी पाटी लावली, त्या दिवशी मला वाटले होते की आता कोणाचे ऐकायला नको. महिनाभरातच उमगले की एकट्याच्या सल्ल्यावर एक भिंतसुद्धा उभी राहत नाही. नकाशा काढणारा वास्तुशास्त्री वेगळा, जमिनीची परीक्षा करणारा वेगळा, विजेचे काम पाहणारा वेगळा. प्रत्येकाची पाटी स्वतंत्र, फी स्वतंत्र आणि अभिमानही स्वतंत्र. आमच्या घरात मुलांनी त्यांची नावे पाडली होती : नकाशेवाले, विजेवाले, आणि सर्वांत वडील ते मातीवाले काका.

अशा माणसांना एकमेकांशी बांधून ठेवणारे असते तरी काय? नोकरीत साहेब असतो, हजेरी असते, पेन्शनची आशा असते. कुटुंबात रक्ताचे नाते असते. आमच्यात यातले काहीच नाही. उद्या मी मातीवाल्या काकांना सोडून दुसऱ्याकडे गेलो, तर कोणत्याही कायद्याने मला अडवता येणार नाही. स्वतंत्र माणसांनी एकमेकांचे काय देणे लागते, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

या प्रश्नाचे पहिले उत्तर मी लहानपणीच पाहिले होते, पण ते उत्तर आहे हे तेव्हा कळले नव्हते. आमचे गाव पैठण तालुक्यातले. वडिलांकडे एकच बैल. एका बैलावर औत चालत नाही, म्हणून शेजारच्या एकबैली शेतकऱ्याशी त्यांची सावड असे. दोघांचे बैल मिळून एक जोडी, आज तुझ्या शेतात तर उद्या माझ्या. ऐकायला सोपे वाटते, पण खरी परीक्षा पेरणीला होई. मृगाचा पाऊस पडून गेला की काळ्या रानाला वाफसा येतो आणि तो दोन-चार दिवसांत निघून जातो. वाफसा दोघांनाही एकाच वेळी येतो, बैलजोडी मात्र एकच. आधी कोणाचे रान पेरायचे? जो मागे राहील, त्याचे वर्ष पणाला लागते. या व्यवहाराचा कागद कधी झाला नाही. फक्त एक नियम होता. वडील म्हणत, "तिफण वाकडी चालली, तर रान कोणाचं ते बघायचं नाही. ज्याला दिसलं त्यानं ओरडायचं."

आता 2010 सालच्या दिवाळीची गोष्ट सांगतो. आज ज्याला आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो, ते तेव्हा कागदोपत्री औरंगाबाद होते, आणि त्या ऑक्टोबरात सगळ्या देशाच्या तोंडी आमच्या शहराचे नाव होते. इथल्या उद्योजकांनी आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या होत्या, सुमारे पासष्ट कोटी रुपयांच्या. माणसे एकत्र आली की किंमत कशी खाली येते, याची चर्चा चहाच्या टपरीपर्यंत पोचली होती. मलाही कौतुक वाटले. पण त्याच दिवसांत माझ्यावर जो प्रसंग आला, त्याने मला शिकवले की खरेदीसाठी एकत्र येणे सोपे असते, चुकीसाठी एकत्र उभे राहणे अवघड.

वाळूजला 1985 मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसपास सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांची एक वसाहतच वाढत गेली. अशाच एका लहान कारखानदाराची शेड आम्ही चौघे मिळून करत होतो. खाली यंत्रे आणि वर मालाचे कोठार. पाडव्याच्या मुहूर्तावर पहिला खांब उभा राहावा, अशी मालकांच्या आईची इच्छा होती.

आमच्या मराठवाड्याची काळी माती कापसाला माय आणि इमारतीला सावत्र आई. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. म्हणून पाया मातीवर ठेवायचा नाही, खालच्या पक्क्या मुरमावर न्यायचा. तो मुरूम किती खोलीवर आहे हे सांगणे काकांचे काम. त्यांनी तीन कोपऱ्यांत खड्डे घेऊन अहवाल दिला होता. चौथ्या कोपऱ्यात बेशरमीची झुडपे माजली होती आणि काकांचे गुडघे त्या वर्षी फार दुखत होते. तिन्हीकडे पाच फुटांवर मुरूम लागला, तेव्हा चौथीकडेही लागेल असे त्यांनी धरले.

जागा पाहायला गेलो त्या पहिल्याच दिवशी मला ती बेशरमी दिसली होती. ही वनस्पती ओढ्याकाठी, पाणी मुरते तिथे वाढते. या कोपऱ्यात कधीकाळी ओढा वा खड्डा असावा, ही शंका मनात येऊन गेली. पण काका माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. माझी पाटी लागली तेव्हा पहिले काम त्यांनीच मिळवून दिले होते. त्यांना कसे विचारायचे, की चौथा खड्डा का नाही घेतला? मी गप्प बसलो आणि त्या गप्प बसण्याला मनातल्या मनात आदर असे नाव दिले.

पुढे खणती झाली. चौथ्या कोपऱ्यातही पाच फुटांवर मुरूम लागला. मी सुटकेचा श्वास टाकला. परवा सकाळी काँक्रीट पडायचे होते. त्या संध्याकाळी आमच्या तरुण विजेवाल्याचा फोन आला. बांधकामाच्या तात्पुरत्या विजेसाठी अर्थिंगचा खड्डा त्याने त्याच कोपऱ्यालगत घ्यायला लावला होता. त्याला खोल आणि ओलसर माती हवी असते. मला जी माती नको, तीच त्याला प्रिय.

तो म्हणाला, "सर, माझ्यासाठी माती फार छान लागली आहे. म्हणूनच तुम्हाला फोन केला. वर दोनेक फूट मुरूम आहे, पण तो टाकलेला वाटतो. त्याच्या खाली काळा चिखल आहे, विटांचे तुकडेही निघाले. मालकांना अजून बोललो नाही. आधी तुम्हाला सांगतो."

जुना खड्डा कोणीतरी बुजवून वर मुरूम पसरला होता. माझा पाया त्या भरावावर बसणार होता.

त्या तासात माझ्या मनाने किती वाटा शोधल्या, हे सांगायला आजही संकोच वाटतो. मालकांना थेट सांगावे, म्हणजे मी मोकळा. अहवालावर सही काकांची आहे. किंवा कोणालाच न सांगता नकाशात गुपचूप फरक करावा, म्हणजे काकांची लाज राहील आणि माझीही. पहिली वाट व्यवहाराची आणि दुसरी मैत्रीची दिसत होती. पण खोटेपणा दोन्हींत होता.

शेवटी मी काकांच्या घरी गेलो. काकू चकल्या तळत होत्या, सबंध घराला खमंग वास होता. अशा घरात असली बातमी घेऊन जाणे मोठे कठीण. काकांनी सगळे ऐकून घेतले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तुला शंका कधी आली होती?"

मी म्हणालो, "पहिल्याच दिवशी."

"मग चूक माझ्या एकट्याची नाही," काका शांतपणे म्हणाले. "माझे गुडघे दुखत होते. तुझे काय दुखत होते?"

याला मी काय उत्तर देणार? उठलो, तेव्हा काकूंनी नेहमीप्रमाणे चकल्यांचा डबा हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे मालकांकडे गेलो. बोलले काकाच. माझे नाव त्यांनी घेतले नाही, ते मी स्वतः घेतले. मालक संतापले, आणि त्यांचा संताप रास्त होता. त्या कोपऱ्यातला भराव काढून पाया खाली न्यावा लागला. पाडव्याचा मुहूर्त हुकला, त्यांच्या आईचे मन मोडले, खर्च वाढला. काकांनी फी परत केली, मी नवे गणित फी न घेता करून दिले. तरीही त्या मालकांनी पुन्हा आम्हाला कधी काम दिले नाही. सत्य सांगितले की शेवटी सगळे गोड होते, असे कथांत असते. आमच्या वाट्याला ते आले नाही. ती शेड मात्र आज सरळ उभी आहे. दर पावसाळ्यानंतर मी त्या रस्त्याने गेलो की भिंतीवर भेग शोधतो, आणि न सापडल्याच्या आनंदात घरी येतो.

कोणी म्हणेल, पैसे मालकाचे, मग आधी सहकाऱ्याकडे जाण्याचे कारण काय? माझे उत्तर असे, की आधी जावे, पण तिथेच थांबू नये. सहकाऱ्याला एक रात्र द्यावी, आठ दिवस देऊ नयेत. एका रात्रीत माणूस आपली चूक आपल्या तोंडाने सांगायला तयार होऊ शकतो. आठ दिवसांत तो ती लपवायला शिकतो, आणि आपणही त्याला मदत करू लागतो. एकमेकांना सांभाळून घेणे चोरांच्या टोळीतही असते. टोळीत आणि सावडीत फरक एवढाच, की टोळी आपल्या माणसांकडे पाहते आणि सावड रानाकडे पाहते. आमचे रान म्हणजे त्या कोठाराखाली यंत्रावर उभा राहणारा कामगार. त्याला आमची नावे कधी कळणार नाहीत. त्याच्याशी आमचा करार नाही, पण आमचे सगळे करार त्याच्यासाठीच असतात.

ही काही नवी गोष्ट नव्हे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे. भिक्षूंच्या वस्त्रांची व इतर खर्चाची सोय व्हावी म्हणून त्याने तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. कोठे, तर गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे. दोन हजार एकीकडे, शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढे वापरायचे. राजाच्या जावयाने आपले दान मागावर बसणाऱ्यांच्या स्वाधीन केले! एकट्या विणकराकडे त्याने ते कदाचित ठेवले नसते. श्रेणीची पत एकेका विणकराच्या पतीहून मोठी होती, आणि अशी पत एकाने दुसऱ्याच्या वाईट सुताकडे डोळेझाक करून टिकत नसते.

आणि आमच्या शहरापासून तासाभराच्या वाटेवर वेरूळ आहे. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, कैलास लेणे डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणले. चिरे रचून बांधलेल्या देवळात चुकलेला चिरा काढून दुसरा बसवता येतो. इथे एकदा उडालेली कपारी परत चिकटवता येत नाही. एका अंगाला चुकलेली रेघ खालच्या पथकाला भोवणार. ती माणसे आपापसात काय बोलत, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण मी त्या अंगणात उभा राहिलो, की वर पाहताना मला छिन्नीच्या आवाजाबरोबर कोणाचा तरी ओरडा ऐकू येतो : "थांब रे, रेघ चुकते आहे!" ज्याला दिसले त्याने ओरडायचे. वडिलांचा नियम.

स्वतंत्र या शब्दाचा अर्थ मी तरुणपणी 'कोणाचेही तंत्र नसलेला' असा करत असे. शब्दच नीट वाचला असता, तर कळले असते की तंत्र त्यातही आहे, फक्त ते स्वतःचे आहे. साहेब नसलेल्या माणसाला साहेबाचे काम स्वतः करावे लागते, आणि जिथे आपली नजर पोचत नाही, तिथे शेजाऱ्याच्या नजरेला परवानगी द्यावी लागते.

काका आता नाहीत. आमच्यात त्या दिवाळीपासून एक अलिखित नियम आहे : शंका आली की त्याच दिवशी बोलायची, समोरचा कितीही मोठा असो वा लहान. परवाच विजेवाल्याने माझ्या एका नकाशावर बोट ठेवले. आता तोही केसांनी पिकू लागला आहे. शंका खोटी निघाली, पण मला बरे वाटले. माझे गुडघेही हल्ली दुखू लागले आहेत.

काकूंचा डबा अजून दर दिवाळीला येतो. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपल्याकडची रीत. किती चकल्या आल्या आणि किती करंज्या गेल्या, हे मात्र कोणी मोजत नाही. यंदाचा डबा कालच आला. पत्नीने त्यात करंज्या भरल्या आणि झाकण लावण्याआधी मला हाक मारली, "अहो, एक चाखून बघा. साखर कमी वाटत असेल तर आत्ताच सांगा."

मी चाखली. साखर थोडी कमी होती. मी सांगितले.