प्राण आणि हजरजबाब

श्वासवाचक लॅटिन शब्दापासून निघालेल्या फ्रेंच ‘एस्प्री’ या शब्दाच्या पोटात आत्मा, बुद्धी, वृत्ती आणि हजरजबाबी चातुर्य हे सारे अर्थ सुखाने नांदतात. म्हणूनच १७४८ साली माँतेस्क्यूने कायद्यांच्या अंतःप्रकृतीवरील आपल्या ग्रंथाच्या नावात जो शब्द योजिला, तोच पॅरिसच्या दिवाणखान्यांतील मार्मिक उत्तरालाही शोभला. शेजारच्या भाषांनी तो उसना घेतला खरा, परंतु अखंड घेतला नाही. जर्मनांपाशी आत्म्यासाठी ‘गाइस्ट’ होताच, तेव्हा त्यांनी ‘एस्प्री’ वाक्चातुर्यापुरता राखला. इंग्रजांनी तो विशेषेकरून पलटणीचा एकदिलाचा अभिमान सांगण्यासाठी वापरला. या वाटणीत मूळ विचाराची हानी झाली, असे मला वाटते.

दिदेरोने एके ठिकाणी असे निरीक्षण नोंदविले आहे की, दिवाणखान्यात निरुत्तर झालेल्या मनुष्यास योग्य उत्तर सुचते ते जिना उतरताना. हा अनुभव मामलेदार कचेरीच्या पायऱ्या उतरणाऱ्या आमच्या रयतेने पिढ्यान्‌पिढ्या घेतला. तिच्यापाशी बुद्धीची वाण नव्हती, धाक मात्र जिभेवर बसलेला होता. वडूजच्या अशाच कचेरीवर ९ सप्टेंबर १९४२ रोजी खटाव तालुक्यातील निःशस्त्र लोक चालून गेले, आणि पोलिसांच्या गोळीबारात वडगावचे परशुराम घार्गे व त्यांचे सोबती हुतात्मे झाले. या बलिदानानंतरही सातारा जिल्हा दबला नाही, याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एकाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी जाते, ते म्हणजे प्रतिसरकारचे नेते नाना पाटील यांचे वक्तृत्व.

तलाठ्याची नोकरी सोडून १९३० च्या चळवळीत उतरलेला हा पुरुष, सारा, वसुली आणि सावकाराचे खत यांची भाषा आतून जाणत असल्यामुळे, शेतकऱ्याच्याच बोलीत सरकारची अशी उलटतपासणी करी की सभा खदखदून हसे. धाक टिकतो तो प्रत्येकजण आपण एकटेच मनातून विटलो आहोत असे समजतो म्हणून. हजारो माणसे एकाच वेळी हसली की ती समजूत नाहीशी होते, आणि विनोदातूनच तो एकदिलाचा अभिमान जन्म घेतो. जर्मन अर्थ आणि इंग्रजी अर्थ येथे पुन्हा एकत्र आले.

इंग्रजी अंमल झुगारून गावोगाव उभ्या राहिलेल्या या प्रतिसरकारच्या इतिहासात शेणोलीला लुटलेली आगगाडी आणि धुळ्याचा लुटलेला खजिना यांची नोंद साक्षेपाने होते. त्या सभांतील हशाचीही तितक्याच साक्षेपाने व्हावयास हवी, कारण गावच्या न्यायदान मंडळापुढे सावकाराविरुद्ध फिर्याद घेऊन उभे राहण्याचे बळ कुळाला त्या हशानेही दिले, अशी माझी खात्री आहे.