गाळणं कुणासाठी?

डिचोलीत गाडी बाळगणाऱ्याला एअर फिल्टर म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात तो अमुक हजार किलोमीटरनंतर बदला असं छापलेलं असतं, आणि धुळीच्या रस्त्यांवर त्याआधी, असंही असतं. आमच्याकडे ही दुसरी सूचनाच खरी. मये, मुळगाव, लामगाव, शिरगाव या बाजूला खनिजाची वाहतूक चालू असली की पांढऱ्या कागदाच्या घड्या बघता बघता तांबड्या होतात. माझी लेक पेडण्यात दिली आहे. तिकडे महामार्गाचं रुंदीकरण आणि मोपाचा विमानतळ ही कामं चालली होती, तेव्हा त्यांच्या गाडीचीही हीच तऱ्हा होती.

पेट्रोल नुसतं जळत नाही, त्याला हवा लागते. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. लिटरात सांगायचं तर एका लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा. आणि माणूस दिवसभरात जी हवा आत घेतो ती ढोबळमानाने दहा हजार लिटर. म्हणजे आपण गाडीत एक लिटर पेट्रोल जाळतो, तेव्हा एका माणसाला जवळजवळ दिवसभर पुरेल इतकी हवा ते इंजिन पिऊन टाकतं. त्या हवेतली कणीदार धूळ पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये गेली तर पॉलिश-पेपरसारखी घासत राहते. इंजिन झिजतं, तेल खाऊ लागतं, आणि मग जे बिल येतं ते फिल्टरच्या किमतीच्या कितीतरी पट असतं. म्हणून आपण त्या चौकोनी डब्याची एवढी काळजी घेतो.

माझं बालपण जैन घरात गेलं, त्यामुळे 'गाळणं' हा शब्द माझ्या कानावर फार लवकर पडला. विहिरीचं पाणी दुहेरी घडीच्या जाड फडक्यातून गाळल्याशिवाय घरात प्यायचं नाही. पण माझ्या आईचं काम पाणी गाळून संपत नसे. ती फडकं उलटं करायची, गाळलेल्याच पाण्याने ते हलक्या हाताने धुवायची, आणि ते धुवण ज्या विहिरीचं पाणी होतं त्याच विहिरीत नेऊन सोडायची. त्याला जिवाणी म्हणतात. फडक्यावर अडकलेले डोळ्यांना न दिसणारे जीव ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात ते परत जावेत, मोरीत पडून मरू नयेत, हा त्यामागचा विचार. पिणाऱ्याला स्वच्छ पाणी मिळायचं, हा फायदा होताच. पण गाळण्याचा हेतू अडकलेल्या जिवाला वाचवणं हा होता.

गाडीच्या फिल्टरचा हेतू याच्या बरोबर उलट आहे. त्याला आतल्याची काळजी आहे. बाहेर जे अडलं त्याचं काय करायचं, हा प्रश्न त्याच्यापुढे नाही. त्यात फिल्टरचा दोष नाही, तो कागदच आहे. पण आपण तर कागद नाही ना?

मध्यंतरी एका छोट्या गॅरेजमध्ये बसले होते. मुलगा सतरा-अठरा वर्षांचा असेल. त्याने फिल्टर काढला, कॉम्प्रेसरची नळी घेतली आणि फुर्रकन हवा मारली. तांबडा ढग उठला. अर्धा त्याच्या तोंडावर, उरलेला शेजारच्या घराच्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर. मी म्हटलं, "बाबा, तोंडाला रुमाल तरी बांध." तो हसला. "मावशी, फिल्टर गाडयेक जाय. आमकां सवय जाल्या."

सवय! इंजिनाला धुळीची सवय होत नाही, हे आपल्याला पटकन समजतं, कारण त्याचं बिल आपल्या हातात येतं. माणसाच्या फुप्फुसांना ती होते असं आपण धरून चालतो, कारण ते बिल दुसऱ्याच्या घरी जातं, आणि तेही वीस वर्षांनी. नाकातले केस, श्वासनळीतली लव हा देवाने किंवा निसर्गाने दिलेला फिल्टर आहे खरा. तो मोठे कण अडवतो. अगदी बारीक कण मात्र त्याला चुकवून खोल जातात. आणि हा फिल्टर कुठल्याही दुकानात बदलून मिळत नाही.

धूळ नको तर खाण बंद करा, असं म्हणणं सोपं आहे. आम्ही बंद खाणीही पाहिल्या आहेत. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणकाम थांबवलं, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने मार्चमध्ये पुन्हा सगळं ठप्प झालं. त्या दिवसांत झाडांची पानं हिरवी दिसायला लागली होती. पण दारात उभ्या ट्रकांचे बँकेचे हप्ते काही थांबले नव्हते. शेजारणीच्या घरची चूल ज्या ट्रकवर पेटते तो बंद पडला म्हणून मला शुद्ध हवा मिळाली, तर त्या श्वासाला मी अहिंसा म्हणू का? मला तसं म्हणवत नाही. पुढे लिलाव झाले, डिचोलीत खाणकाम परत सुरू झालं, आणि धूळही परत आली.

अशा पेचात आपल्याकडची जुनी विभागणी मला उपयोगी वाटते. गृहस्थाच्या हातून होणाऱ्या हिंसेत एक उद्योगी हिंसा सांगितली आहे. पोटासाठी करावा लागणारा उद्योग म्हटला की ती काही प्रमाणात घडणारच. ती कमीत कमी ठेवा, एवढंच शास्त्र सांगतं. पण समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार आहेत, त्यांत प्रमादचर्या आहे. विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, वारा ढवळणं हे सगळं त्यात येतं. मला वाटतं, खनिज काढणं ही उद्योगी हिंसा म्हणता येईल. पण ताडपत्री न बांधता वस्तीतून धावणारा ट्रक, पाणी न मारलेला रस्ता, शाळेपुढून भरधाव जाणारी माझी-तुमची गाडी, हा उद्योग नव्हे. हा प्रमाद. त्याने कुणाचं पोट भरत नाही.

फिल्टरच्या बाबतीतही तेच. सारखी हवा मारून तो चकचकीत ठेवायची काहींना हौस असते. खरं तर थोडी धूळ बसलेला कागद कोऱ्या कागदापेक्षा बारीक कण जास्त अडवतो. फार दाबाने हवा मारली तर कागद फाटतो, उलट्या बाजूने मारली तर धूळ आतल्या अंगाला जाते. म्हणजे ही नको तितकी सफाई इंजिनाच्याही हिताची नाही आणि नळी धरणाऱ्या पोराच्याही. वेळ झाली की बघावं, फार माखला असेल तर सरळ नवा घालावा. साफच करायचा असेल तर पिशवीत धरून हलकेच झटकावा. साधूंना उत्सर्ग समिती सांगितली आहे, म्हणजे टाकायची वस्तू कुठे नि कशी टाकावी याचं भान. ते भान गृहस्थाने थोडं उसनं घेतलं तर काय बिघडतं?

आमच्या तालुक्यात कुडणे गावी जुन्या जैन मंदिराचे अवशेष उभे आहेत. कित्येक शतकांपूर्वी या मातीत आपली माणसं होती. तेव्हाही माती तांबडीच असणार. वस्तीत मिसळून राहायचं तर थोडी धूळ उडणार, हे त्यांनाही माहीत असेल. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि ती कुणाच्या अंगावर उडते याचा आहे.

म्हणून गाडीचा फिल्टर बदलताना मी आता मनाशी तीन गोष्टी विचारते. हा आत कुणाला वाचवतो आहे? बाहेर कोण उभं आहे? आणि यात अडकलेलं कुठे जाणार? पहिल्याचं उत्तर मेकॅनिक देतो. उरलेली दोन आपल्यालाच द्यावी लागतात, कधी रस्त्यावर गाडीचा वेग कमी करून, कधी ग्रामसभेत उभं राहून ताडपत्रीबद्दल विचारून, आणि कधी नळी धरलेल्या मुलाला रुमाल बांध म्हणून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सांगून.