कर्जाचे प्रयोजन

दुचाकीच्या कर्जाचा आमच्या बँकेतला छापील अर्ज मोठा चौकस आहे. नाव, वय, पगार, जामीनदार सगळं विचारून झालं, तरी त्याचं समाधान होत नाही. मग तो 'कर्जाचे प्रयोजन' विचारतो. परवा एक पोरगा या रकान्यापाशी येऊन अडला.

"काका, इथं काय लिहू?"

"नोकरीच्या ठिकाणी जाणे-येणे," मी सवयीनं म्हटलं. त्यानं ते वळणदार अक्षरात लिहिलं. मग मी पत्ता पाहिला. ज्या दुकानात तो नोकरीला होता, त्याच्याच माडीवर राहत होता.

वीस वर्षं मी हे अर्ज तपासतोय. मिरकरवाड्यावरून बर्फाची पेटी मागे बांधून गावोगाव मासळी नेणारा, किंवा शेवटची एस. टी. चुकली की वाडीवर पोचू न शकणारा मास्तर, यांना मोटारसायकल म्हणजे घरचा बैल. त्यांना कारण विचारणं हाच चावटपणा. प्रश्न उरतो तो बाकीच्यांचा, आणि बाकीच्यांत मीही आलो.

मी गाडी घेतली तेव्हा घरात तीन कारणं मांडली होती. पेट्रोल वाचेल (तोवर मी चालत जात असे, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही), वेळ वाचेल आणि आईला डॉक्टरकडे नेता येईल. आई म्हणाली, "मी नाही हो बसायची त्या धुडावर. मी आपली रिक्षानं जाईन." तिसरं कारण जागच्या जागी बुडीत खात्यात गेलं, पण गाडी यायची ती आलीच. आधी गरज आणि मग खरेदी, असं आम्ही कॉमर्सला शिकलो. प्रत्यक्षात खरेदी आधी ठरते, गरज मागाहून ताळेबंद जुळवायला येते.

मग खरं कारण काय? आम्हा रत्नागिरीकरांपुरता थोडा दोष मी इंग्रजांना देतो. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला त्यांनी १८८६ साली इथं आणून ठेवलं, तो १९१६ साली इथंच वारला. सावरकरांना १९२४ ते १९३७ याच जिल्ह्यात अडकवून ठेवलं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सह्याद्री. इथं माणूस ठेवला की राहतो, हे साहेबानं बरोबर हेरलं होतं. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली खरी, पण ती सुटते तिच्या वेळेला. मोटारसायकल आपल्या मनाला येईल तेव्हा सुटते. कुठं जायचं हे गौण. सुटायचं असतं.

माझं सुटणं म्हणजे रविवारी सकाळी आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळ्यापर्यंत. निवळीवरून जाण्यापेक्षा हा रस्ता जवळचा, असं मी घरी सांगतो. लांबचा असता तरी तिथूनच गेलो असतो. चढ संपतो, वळण येतं आणि एकदम खाली सगळा समुद्र! मोटारीतून तो काचेच्या चौकटीत कॅलेंडरवरच्यासारखा दिसतो, इथं अंगावर येतो. वळणावर गाडी कलते, तिच्याबरोबर आपणही कलतो. उभी हयात काउंटरमागे ताठ बसलेल्या माणसाला कलण्यात काय सुख असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक! पुढच्या वळणावर खडी पसरलेली असू शकते, हे माहीत असतं. आणि आता सांगूनच टाकतो, त्या माहीत असण्याचाही सुखात थोडा वाटा असतो. एवढं सगळं त्या दोन इंचांच्या रकान्यात कसं मावावं?

गेल्या पावसाळ्यात परतताना चिखलावरून गाडी घसरली. कोपर सोललं. १९८८च्या कायद्यानं डोक्याला हेल्मेट सक्तीचं केलं म्हणून चरा त्याला पडला, नाहीतर तुमचा हा लेख वाचण्याचा त्रास वाचला असता. फोन भिजून मुका झालेला. पाऊस थांबेपर्यंत कुणाच्या तरी पडवीत तासभर बसलो आणि दुपारी घरी पोचलो. ही पायरीवर बसली होती. मांडीवर ताटात भाजी चिरून ठेवलेली, फोडणी पडलेली नव्हती. कोपराकडे पाहिलं, काही बोलली नाही. हळद घेऊन आली.

गोगटे-जोगळेकर कॉलेजात मला एक गोष्ट पक्की शिकवली होती : प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. वारा, समुद्र, कलणं, सगळं माझ्या खाती जमा होत होतं. नावे कुणाच्या पडत होतं? रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीच्या आवाजाला मान वर करणारीच्या. आणि तिची सही मी कधी घेतलीच नव्हती. बँकेत अशी नोंद केली असती तर दुसऱ्या दिवशी मेमो हातात पडला असता.

गाडी विकून टाकावी, असा विचार मी दोन रविवार प्रामाणिकपणे केला. तिसऱ्या रविवारी ऊन पडलं. घरात माझ्या येरझाऱ्या पाहून हीच म्हणाली, "जाऊन या एकदाचे. पण पोचलात की फोन करा." याला संमती म्हणायचं की सुटका, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

काल तो पोरगा आईला घेऊन आला. जामीनदार तीच, शाळेतून निवृत्त झालेली बाई. चष्मा लावून तिनं सगळा अर्ज वाचला, वही तपासावी तसा. प्रयोजनाच्या रकान्यावर बोट थांबलं. तिनं मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उगीच शिक्का शोधू लागलो.

"दुकानात उतरायला जिना आहे हो याला," ती म्हणाली. मग पेनाचं टोपण काढून तिनं विचारलं, "कुठं करू सही?"