शहाळं नेण्याआधी

पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यातल्या घरात सकाळपासून दोन पाणी चालतात. वापरायचं वेगळं, चहाचं वेगळं. बोअरचं पाणी चहाला घेतलं तर चव जाते, साबणाला फेस धरत नाही आणि वरणाला घातलं तर डाळ शिजता शिजत नाही. मग कुणीतरी चिमूटभर खायचा सोडा टाकून मोकळं होतं. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. वान धरणावरून आलेली १४० गावांची पाणीयोजना, गावोगावचे आरओचे प्लँट, दारात येणारे वीस लिटरचे जार, ही सगळी त्या एका खारटपणाशी चाललेली झटापट आहे.

या खारटपणात मोठा वाटा सोडियमचा. वर टाकलेला सोडा, तोही सोडियमचाच. त्यावर लोणचं, पापड, ठेचा, शेव, आणि शेगावला उतरलो की कचोरी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. आपण ती मर्यादा कधी ओलांडतो ते आपल्यालाही कळत नाही. सोडियम अंगात पाणी धरून ठेवतं, रक्तदाब चढवतं. हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच सोडियमला आवरणारं पोटॅशियम मात्र आपल्या बोलण्यात येतं ते खताच्या दुकानात. १०:२६:२६ मधला शेवटचा आकडा कशाचा, हे शेतकऱ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. रोजच्या ताटात पोटॅशियम किती, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं आणि सोडियम बहुतेक बाहेर. ही विभागणी आपोआप टिकत नाही. पेशीच्या आवरणात एक पंप अखंड चालू असतो, तीन सोडियम बाहेर टाकायचे आणि दोन पोटॅशियम आत घ्यायचे. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली त्याचा शोध प्रसिद्ध केला. नोबेल मिळायला १९९७ उजाडलं. विहिरीवरच्या मोटारीला लोडशेडिंग असतं, या पंपाला नाही. स्नायूचं आखडणं, मज्जातंतूचा निरोप, हृदयाचा ठोका, सगळं या आत-बाहेरच्या फरकावर चालतं. म्हणून रक्तात तरंगणारं पोटॅशियम अगदी थोडं, लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल, आणि तेवढ्याच पट्ट्यात राहायला हवं. फार उतरलं तर पायातलं बळ जातं. फार चढलं तर हृदयाची लय बिघडते, आणि तेव्हा छातीत दुखेलच असंही नाही.

जाता जाता लोणारचं सांगतो, कारण तिथे हे मूलद्रव्य भलत्याच कामी आलं आहे. सरोवराच्या पाण्यात राज्य सोडियमच्या क्षारांचं, पण विवराचं वय काढायला उपयोगी पडलं ते दगडातलं पोटॅशियम. त्याचा एक प्रकार किरणोत्सारी असतो. तो निम्मा व्हायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात आणि त्यातून आर्गॉन वायू तयार होतो. त्या आर्गॉनवरून २०११ साली संशोधकांनी लोणारचं वय पावणेसहा लाख वर्षांच्या आसपास मांडलं. आधीच्या वेगळ्या पद्धतीने ते बावन्न हजारांच्या घरात आलं होतं. तोच किरणोत्सारी प्रकार तुमच्या-माझ्या अंगातही आहे. घाबरायचं कारण नाही, माणूस पहिल्यापासून त्याच्यासकटच जगत आला आहे.

आता ताटाकडे. पोटॅशियम म्हटलं की लोक केळ्याकडे बोट दाखवतात. केळं चांगलंच, पण शंभर ग्रॅम केळ्यात ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच कच्च्या तूरडाळीत हजाराच्या वर, बेसनात आठशेच्या आसपास. ज्वारीत साध्या पांढऱ्या तांदळाच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे माघ वद्य सप्तमीला, गजानन महाराजांच्या प्रकटदिनी, घरोघरी जो नैवेद्य होतो तो पाहा: ज्वारीची भाकरी, पिठलं, अंबाडीची भाजी, कांदा, हिरवी मिरची. भक्तांनी हा विचार करून ते ताट मांडलेलं नाही, हे उघड आहे. पण मोठ्या माणसाला दिवसाला निदान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम हवं, हे जागतिक आरोग्य संघटनेचं २०१२ मधलं सांगणं गाठायला याहून स्वस्त ताट मला सुचत नाही. भाकरीच्या जागी पांढरा भात आला, वरणाची वाटी पातळ झाली आणि चार वाजता चिवड्याचं पाकीट फुटलं, की पोटॅशियम उतरतं आणि सोडियम चढतं. दोन्ही एकाच वेळी.

मग बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ घ्यावं का? त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चीनमध्ये सहाशे खेड्यांत सुमारे एकवीस हजार लोकांवर याचा मोठा अभ्यास झाला; त्यांतल्या बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेलेला होता. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं. जवळजवळ पाच वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल आला: मीठ बदललेल्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. एवढं ऐकलं की आजच डबा बदलावा असं वाटतं. मीही तसंच म्हटलं असतं, पण आपण खारपाणपट्ट्यात बसलो आहोत.

त्या अभ्यासात किडनीचा गंभीर आजार असलेली माणसं घेतलेली नव्हती. आणि संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या कितीतरी गावांत किडनीचा रुग्ण आपल्या किंवा शेजारच्या घरात असतो. लोक पाण्याकडे बोट दाखवतात. मधुमेह आणि रक्तदाब हे किडनीचे जुने वैरी तर आहेतच. खाल्लेल्या पोटॅशियमपैकी सुमारे नव्वद टक्के बाहेर टाकण्याचं काम किडनीचं. ती थकली की तेच वरण, तेच केळं रक्तात साचतं. अशा माणसाच्या ताटात ते मीठ चुकूनही जाऊ नये. टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या काही गोळ्याही पोटॅशियम चढवतात, तेव्हा गोळी चालू असेल तर मिठाचा डबा डॉक्टरांना विचारूनच बदलावा.

एकाच चुलीवर त्यामुळे दोन स्वयंपाक होतात. धडधाकट माणसाला सांगायचं, भाजीचं पाणी टाकू नका, कटाची आमटी करा, कारण पोटॅशियम पाण्यात उतरतं. डायलिसिसवरच्या सासऱ्यांसाठी सून तीच भाजी बारीक चिरते, भरपूर पाण्यात उकळते आणि ते पाणी मोरीत ओतते, कारण तेच. गावातल्या बाईला हे रसायन कुणी नीट समजावलं, तर ती आहारतज्ज्ञापेक्षा काटेकोरपणे पाळते. समजावणारंच कमी भेटतं. ज्या घरात साखर किंवा रक्तदाब आहे, तिथे वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्यावं. रक्ताचा एकच नमुना पुरतो, आणि आपलं ताट दोहोंपैकी कोणतं, हे त्या कागदावरून डॉक्टर सांगतात.

राहिला पाहुणचार. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही, ही आपली रीत. दवाखान्याच्या दारातच शहाळीवाला उभा असतो, शेजारी केळ्यांची गाडी. शहाळ्याच्या एका पेलाभर पाण्यात चारशे-पाचशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. उन्हातून आलेल्याला ते अमृत. डायलिसिसच्या रुग्णाला ते पोटॅशियमसाठीही नको आणि पाण्यासाठीही नको, कारण त्याला दिवसाचं पाणीसुद्धा मोजून दिलेलं असतं. आणि आपण म्हणतो, घ्या हो, नारळाचंच तर पाणी आहे! तो भिडेखातर दोन घोट घेतो. त्यापेक्षा घरच्यांना आधी फोन करावा, काय चालतं ते विचारावं. बहुतेकदा एखादं सफरचंद चालतं, त्यात पोटॅशियम कमी असतं. तेही नको म्हणाले, तर डायलिसिसला नेण्या-आणण्याची एक खेप आपल्या गाडीने करावी.