पूर, भरती आणि तिवर

बसा. हातातले काम थोडा वेळ बाजूला ठेवा. पवित्र शास्त्र उघडण्याआधी आज आपण मनाने नदीकडे जाऊ. सूरतेत राहणाऱ्याला तापी काही लांब नाही. नानपुऱ्यातून, अडाजणच्या पुलावरून, रांदेरच्या काठावरून ती रोज दिसते, आणि रोज दिसते म्हणून तिच्याकडे कुणी पाहत नाही.

आज पाहा. ही नदी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते. चांगदेवपाशी तिला पूर्णा मिळते, पुढे गिरणा, मग पांझरा. भुसावळ, प्रकाशा मागे टाकून ती उकाईच्या धरणात शिरते आणि तिथून सूरतेकडे निघते. लिंबायत, उधना, डिंडोली भागातली आपली कितीतरी मराठी कुटुंबे याच खोऱ्यातून, जळगाव, धुळे, नंदुरबारकडून लूमवर आणि मिलमध्ये कामाला आली. गावाकडच्या शिवारात पडलेला पाऊस याच वाटेने आपल्यामागून इथे येतो. हे एकदा मनात नीट उतरू द्या.

आता 2006 चा ऑगस्ट आठवा. तुम्ही तेव्हा लहान असाल तर घरातल्या मोठ्यांना विचारा. वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, उकाई भरत आले, आणि पाण्याचा विसर्ग वाढत वाढत नऊ लाख क्युसेकच्या आसपास गेला. 7 ऑगस्टपासून पाणी शहरात शिरू लागले. 9 तारखेला राखीपौर्णिमा होती, म्हणजे समुद्राला उधाण. खंभातच्या आखातातली भरती तर देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी. धरणातून पाणी येत होते आणि भरतीमुळे समुद्र ते लवकर घेत नव्हता. मध्ये शहर सापडले. वीज गेलेली, पिण्याचे पाणी नाही, माणसे गच्चीवर. पाणी ओसरल्यावर घराघरात चिखल राहिला आणि तो काढता काढता लोकांच्या कमरा मोडल्या.

अशा वेळी देवावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाच्या मनात एक प्रश्न हमखास येतो: हे माझ्याच वाट्याला का? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: माझे काय चुकले?

इथे थोडे थांबा. तुमच्या स्वतःच्या आयुष्यातला असा एखादा प्रसंग मनात आणा. घरातले आजारपण असेल, गेलेली नोकरी असेल, अकाली गेलेले माणूस असेल. त्याचे उत्तर शोधू नका. नुसते त्याच्याजवळ बसा.

ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक अक्षर बोलले नाहीत. त्या सबंध ग्रंथात त्यांच्या हातून झालेले सर्वांत चांगले काम तेवढेच. नंतर त्यांनी तोंड उघडले आणि कारणे सांगायला सुरुवात केली: तुझे पाप असेल, तुझ्या मुलांचे असेल. शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो त्यांच्यावर, भांडणाऱ्या ईयोबावर नाही. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसे मेली, तेव्हा ती माणसे इतरांहून जास्त पापी होती का, असे प्रभू येशूने विचारले आणि स्वतःच नाही म्हणून सांगितले. जन्मांधाच्या बाबतीतही त्याने पापाचा हिशेब मांडू दिला नाही.

तापीकडे पाहिले की ही नुसती शिकवण उरत नाही, डोळ्यांना दिसू लागते. सूरतेत थेंब पडत नसतानाही सूरतेत पूर येऊ शकतो. शेकडो किलोमीटर वर पडलेला पाऊस, मध्ये धरण, खाली चंद्रामुळे चढलेला समुद्र. गच्चीवर अडकलेल्या आईने असे कोणते पाप केले होते की तिच्या दारात पाणी यावे? कोणतेच नाही. धरणाचे पाणी आधी का सोडले नाही, हा प्रश्न मात्र त्या वेळी लोकांनी विचारला, आणि तो विचारणे योग्यच होते. माणसाच्या हातातल्या गोष्टीचा जाब माणसाला विचारावा. सगळे देवाची इच्छा म्हणून झाकून टाकणे, ही भक्ती मला मान्य नाही.

मग श्रद्धा आपल्याला काय देते? यशयाच्या 43 व्या अध्यायात देव आपल्या लोकांशी पाण्याविषयी बोलतो. पाणी येणारच नाही, असे तो म्हणत नाही. त्या पाण्यातून जाताना आपण बरोबर असू, असे सांगतो.

याच नदीवर आणखी खाली जाऊ, पण त्याआधी पाहणे म्हणजे काय ते समजून घेऊ. डोंगरावरच्या प्रवचनात येशू रानातली भुकमळे पाहायला सांगतो. लोक त्यातला अर्थ घेतात आणि पाहायचे विसरतात. सूरतेच्या डच कबरस्तानात हेंड्रिक व्हान ऱ्हीडे या अधिकाऱ्याची भव्य समाधी आहे. तो संत नव्हता, व्यापारी कंपनीचा सत्ताधारी होता. पण मलबारच्या वनस्पती त्याने इतक्या नेटाने पाहून घेतल्या की त्यांचा 12 खंडांचा सचित्र ग्रंथ झाला. इट्टी अच्युतन या वैद्यांनी आणि कोचीच्या कोंकणी पंडितांनी त्यासाठी आपले ज्ञान दिले. 1691 मध्ये सूरतेकडे येताना समुद्रावरच तो वारला. शेवटचा खंड 1693 मध्ये निघाला. एकेका पानासमोर इतका वेळ थांबता येते, एवढेच त्याच्याकडून घेऊ.

आणि आपणही एका पानासमोर थांबू. तापीच्या मुखाशी, डुमस-हजिऱ्याकडच्या चिखलात तिवर उगवते. दिसायला ते सामान्य झाड आहे, कुणी त्याचा फोटो काढायला जात नाही. दिवसातून दोनदा भरती त्याच्या बुंध्याशी चढते आणि दोनदा उतरते. खालच्या चिखलात हवा नसते, म्हणून त्याची मुळे बोटभर जाडीच्या काड्यांसारखी चिखलातून वर येतात आणि ओहोटीत श्वास घेतात. खारे पाणी तर प्यावेच लागते. मग ते झाड आत आलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. उन्हाच्या वेळी पान जवळून पाहा, त्यावर पांढरे कण दिसतील.

त्या कणांवर मन स्थिर करा. सावकाश.

आपल्या मंडळीत एक समजूत फार खोल गेली आहे: विश्वासी माणसाने रडू नये, तक्रार करू नये, सदा आभारच मानावेत. तिवराने मीठ आत साठवले असते तर ते मेले असते. दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत. 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी एक ओळही दिलाशाची नाही, तरी ते शास्त्रातून कुणी काढले नाही. आणि वधस्तंभावर खुद्द प्रभूने देवाला का म्हणून विचारले. ज्याने वादळ शांत केले त्याच्या तोंडून हा प्रश्न आला. मग तुमच्या तोंडून आला तर तो अविश्वास कसा होईल?

म्हणून आता, मनात जे खारे साठले आहे ते देवापुढे बोला. शब्द नीट नसले तरी चालतील. अहिराणीत बोला, मराठीत बोला, गुजरातीत बोला. कुणाचे ऐकून पाठ केलेली प्रार्थना आज नको.

बोलून झाले की एक गोष्ट आठवा. 1994 च्या सप्टेंबरात सूरतेत प्लेगची साथ आली आणि लाखो माणसे मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाली. त्यानंतर हेच शहर झाडून, धुऊन उभे केले गेले. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात ते इंदूरबरोबर देशात पहिले आले. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्यांनी यात हात कसा चालतो तेही पाहावे. भल्या पहाटे रस्ता झाडणाऱ्या बाईच्या हातून देव काम करतो, असे मी मानतो.

पावसाळ्यात मिठी खाडीचे पाणी लिंबायतच्या खोल्यांत पुन्हा कधी शिरेल, सांगता येत नाही. तेव्हा प्यायचे पाणी आणि झाडू घेऊन जा. चिखल काढा. दमलात की त्या घरच्या माणसांजवळ खाली बसा, आणि हे का झाले याचे कारण त्यांना सांगू नका.