जैतुनाच्या वाडीतले म्हातारपण



“आता आमच्याने काय होणार?” आपल्या घरातील वृद्ध मंडळींच्या तोंडून हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. आज ह्या प्रश्नावर थोडे मनन करू या.

रन्वार हे फ्रान्सचे नामवंत इम्प्रेशनिस्ट चित्रकार. उतारवयात संधिवाताने त्यांचे शरीर आखडत चालले होते. दक्षिण फ्रान्समधील कान्य गावी जैतुनाच्या जुन्या झाडांची एक वाडी होती. ती झाडे तोडली जाणार असे कळताच १९०७ साली, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांनी ती वाडी विकत घेतली. झाडांमध्ये काचेची खोली बांधून ते तेथे चित्रे काढीत. पुढे पाय गेले, चाकाची खुर्ची आली. बोटे तळव्याकडे वळली, हातांना कापडी पट्ट्या बांधाव्या लागल्या. दोन मुले पहिल्या महायुद्धात जखमी झाली. १९१५ साली पत्नी वारली. तरीही ३ डिसेंबर १९१९ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, मरण येईपर्यंत त्यांचे काम थांबले नाही. आणि त्या चित्रांत वेदना नाही, त्या वाडीतले ऊन आहे.

रन्वार ह्यांना संत ठरवण्याचा आपला हेतू नाही. पण जैतुनाचे झाड आपल्या ओळखीचे आहे. प्रभू येशूने आपली सर्वांत कठीण प्रार्थना ह्याच झाडांखाली केली. ह्या झाडाचे खोड म्हातारपणी वेडेवाकडे, पोकळ होते, तरी फळ धरते. देवाच्या अंगणात लावलेली माणसे वृद्धपणीही फळ देतात, असा दिलासा स्तोत्र ९२ आपल्याला देते.

आणखी एक गोष्ट. १९१५ साली रन्वार ह्यांचे चित्रीकरण झाले. त्यात त्यांचा धाकटा मुलगा क्लोद त्यांच्या आखडलेल्या हातात ब्रश देताना दिसतो. चित्र बापाचे; पण ब्रश हाती देणारे कोणीतरी हवे होते.

बंधुभगिनींनो, आपण कोठे कमी पडतो? आपण वृद्धांना जेवण देतो, औषध देतो, पण त्यांच्याकडे काही मागत नाही. ज्याच्याकडे कोणी काहीच मागत नाही, त्याला आपण निरुपयोगी झालो असे वाटणारच. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ साली जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांसाठी राखून ठेवला. पण एक दिवस पुरेसा नाही. आज संध्याकाळी आजीला जपमाळेची सुरुवात करायला सांगू या. आजोबांना नातवंडांच्या धर्मशिक्षणाचा धडा घ्यायला लावू या. जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांना आपल्या अडचणी सांगून त्यांच्याकडे प्रार्थना मागू या.

हे प्रभो, आमच्या वृद्धांच्या थकलेल्या हातांना फळ दे, आणि त्या हातांत काम ठेवण्याचे प्रेम आम्हांला दे. आमेन.