आपले किती, दुसऱ्याचे किती?



दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सुरतेच्या बाजारपेठेत चोपडापूजन होते. खानदेशातून येऊन उधना, लिंबायत, पांडेसरा येथे स्थिरावलेले आपले बंधूही नव्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक रेखतात. परंतु पूजा झालेली वही पुढे नित्य उघडणारे किती? कित्येक भाविक म्हणतात, "तुकोबारायांनी खतपत्रे इंद्रायणीत बुडविली, मग आम्ही हिशेबाच्या मायेत का गुंतावे?"

या शंकेचे निरसन त्याच कथेत आहे. देहू येथे तुकोबांच्या घरी दुकानदारी व सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात घराची वाताहत झाली. पुढे लोकांकडील येणे सोडून देण्याचा त्यांनी निश्चय केला, तेव्हा बंधू कान्होबांचाही त्यांत वाटा होता. परंपरा सांगते की, निम्मी खते तुकोबांनी कान्होबांच्या हाती दिली व केवळ आपल्या वाट्याची नदीत सोडली. बुडविले ते स्वतःचे येणे. दुसऱ्याचे एक पानही नव्हे. त्यागाआधी वाटणी झाली, आणि वाटणी हिशेबावाचून होत नाही.

आता आपल्या गल्ल्याकडे पाहा. समजा, चार मागांच्या धन्याजवळ महिनाअखेर ५०,००० रुपये आहेत. त्यांतील १८,००० कारागिरांच्या मजुरीचे, १२,००० सूतवाल्याचे, ९,००० वस्तू व सेवा कराचे, ६,००० बँकेच्या हप्त्याचे. त्याचे स्वतःचे उरले केवळ ५,०००. वही न लिहिणारा ५०,००० आपलेच मानतो. त्यांतून लग्नकार्य उरकतो, देवालाही देणगी देतो. ती देणगी वस्तुतः कारागिराच्या मुखातील घास होय.

जसे देणे, तसेच येणे. कापडबाजारात उधारी लांबते. एखादा व्यापारी रातोरात 'उठमणू' करतो आणि त्याच्यामागे अनेक लहान कारखानदार बुडतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार असला तरी, ग्राहकाने माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत चुकते केले पाहिजेत. विलंब झाल्यास चक्रवाढ व्याजही मागता येते. मात्र ज्याच्याजवळ बिल नाही, तारीख नाही, माल पोचल्याची सही नाही, त्याने मागावे कशाच्या आधारे?

म्हणून सांजवात झाल्यावर दहा मिनिटे वहीस द्यावी. लाल वहीत लिहा वा मोबाइलवर. आजची आवक, जावक, येणे व देणे ही चार घरे भरलीच पाहिजेत. घरखर्चासाठी दरमहा ठरीव रक्कम उचलावी. गल्ल्यात वेळी-अवेळी हात घालू नये. कराचा पैसा येताक्षणीच निराळा ठेवावा.

तुकोबांसारखे स्वतःचे सोडून देण्याचे सामर्थ्य आपणांस लाभो वा न लाभो. ज्याचे त्यास पोचविण्याइतकी शुद्ध बुद्धी तरी श्रीपांडुरंग आपणां सर्वांस देवो.